आईंचं ऑपरेशन आणि चौसष्टपैकी छप्पन्न

तीर्थस्वरूप दादा यांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वयानं मी तुमच्याहून चार महिन्यांनी मोठा आहे, पण नात्यानं धाकटा, तेव्हा वाकायचं माझ्याकडेच आलं. आजच्या पत्रात ते सोयीचंही पडेल.)

तुमची तब्येत, वहिनींची कंबर, मुलांचे अभ्यास आणि तुमच्या कारखान्यातला तो नवा बॉयलर, ज्याच्याबद्दल मागच्या वेळी तुम्ही घरच्या माणसाबद्दल बोलावं तितक्या मायेनं बोलत होतात, हे सगळं ठीक असेल अशी आशा आहे. इकडे आई ठीक आहेत. तुमची बहीण ठीक आहे. मीही ठीकच आहे म्हणायचं. जेवतो वेळेवर, पण ताटात काय होतं ते उठल्यावर आठवत नाही.

परवा फोनवर तुम्ही बहिणीला विचारलंत की, कपडे धुण्याच्या कारखान्यापायी आईच्या खुब्याचं ऑपरेशन कसं काय पुढं जातं? तिनं "ह्यांनाच विचार" म्हणून फोन माझ्या हातात कोंबला आणि मी "लाइन फार खरखरतेय" असं सांगून ठेवून दिला. लाइन चांगली होती, दादा. खरखर माझ्या घशात होती. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण फोनवर माणूस मध्येच "म्हणजे?" असं विचारतो आणि मला त्या शब्दाची हल्ली धास्ती बसली आहे. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. म्हणून हा कागदाचा गठ्ठा.

आमचा कारखाना तुम्ही एकदाच पाहिलात, तोही बाहेरून, आणि वाफ बघून "बॉयलर जुना दिसतोय" एवढंच म्हणालात. तेव्हा थोडं आतलं सांगतो. आमच्याकडे दोन मोठी हॉस्पिटलं, एक मोठं हॉटेल आणि काही वसतिगृहं यांचे कपडे येतात. चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलावरची कापडं, आणि ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर लोक घालतात ते हिरवे गाऊन. प्रत्येक कपड्याच्या शिवणीत नखाएवढी चिप असते. कपडा धुऊन, वाळून सरकत्या पट्ट्यावर आला की वरचा स्कॅनर ती चिप वाचतो, डेटाबेसला विचारतो की हा कुणाचा, आणि पट्टा त्याला बरोबर त्या हॉस्पिटलच्या किंवा हॉटेलच्या ट्रॉलीत ढकलतो. डेटाबेस म्हणजे हा सगळा कुणाचा काय हिशोब जिथं राहतो ती जागा. हिशोब सांभाळणारा मी. (मला हे काम मिळालं ते प्रिंटरमधला अडकलेला कागद मी न फाडता काढला म्हणून. तेव्हापासून कारखान्यात वायर असलेली प्रत्येक वस्तू माझी समजली जाते. पंखासुद्धा.)

आता आजवर हे सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. त्याच्यावरच पगारपत्रक, त्याच्यावरच फाटकाचा कॅमेरा, त्याच्यावरच मालकीणबाईंच्या पुतण्याची गाणी. बिचारा पट्ट्याला उत्तर द्यायला इतका वेळ लावायचा की कपडे रांगेत उभे राहायचे. शेवटी मालकीणबाईंनी नवा सर्व्हर घेतला, फक्त आणि फक्त डेटाबेससाठी. मला बोलावून म्हणाल्या, "याच्यावर दुसरं काही चालवायचं नाही. गाणीही नाहीत." आणि जाताजाता म्हणाल्या, "सोमवारी सकाळी हाच चालू करायचा." तो कुठला सोमवार ते तुम्हाला कळलंच असेल. आईंच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टरांनी ठरवली, सर्व्हरची मालकीणबाईंनी. मला दोन्हीकडे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी दोन्ही पुढं ढकला म्हटलं असतं, हा भाग वेगळा.

सर्व्हर बसवायला जो माणूस आला होता (आम्ही त्याला सर्व्हरवालेच म्हणतो, कार्डावरचं नाव कॉफी सांडून गेलं), तो जाताना मला म्हणाला, "मशीनला चौसष्ट जीबी मेमरी आहे. त्यातली पावभर डेटाबेसच्या शेअर्ड मेमरीला लावा, मग बघत बघत वाढवू." मी मान हलवली. मान हलवणं हा माझा स्वभाव आहे, त्याचा समजण्याशी संबंध नसतो.

शेअर्ड मेमरी म्हणजे काय, ते आमच्या हॉलच्या भाषेत सांगतो, कारण मी स्वतःलाही तसंच समजावलं होतं. आमच्या हॉलच्या मधोमध एक लांबरुंद टेबल आहे. डाग राहिलेले, फाटके, शिलाई हवे असलेले कपडे त्या टेबलावर पडतात आणि भोवतीच्या सगळ्या बायका त्यातूनच उचलतात. टेबलावर जे आहे ते सगळ्यांच्या हाताशी. जे नाही, त्याच्यासाठी मागच्या गोदामात पळावं लागतं. डेटाबेसचंही तसंच. त्याच्या हाताखाली खूप कामकरी असतात, आणि शेअर्ड मेमरी हे त्यांचं सामायिक टेबल. टेबल जितकं मोठं, तितक्या गोदामाच्या खेपा कमी. हे मी बरोबर समजलो होतो. इथवर मी हुशार होतो, हे कृपा करून लक्षात ठेवा.

शनिवारी दुपारी मी एकटा त्या छोट्या खोलीत बसलो. पलीकडे इस्त्रीची मोठी यंत्रं फुसफुसत होती, आणि घरी आई बॅग भरत होत्या. दर अर्ध्या तासानं तुमच्या बहिणीचा फोन. आईंना दोनच पातळं न्यायची आहेत की चार, आईंनी चष्मा कुठं ठेवला, आई म्हणतात की खुबा आज जरा बरा वाटतोय. मी प्रत्येक फोनला "हो" म्हणत होतो आणि समोरच्या पडद्यावर त्या पावभराकडे बघत होतो. चौसष्टातले सोळा. मला ते फार कोतं वाटलं. अख्खी मशीन एकट्या डेटाबेससाठी घेतलेली, दुसरं कुणी राहायला येणार नाही, मग बाकीच्या अठ्ठेचाळीसचं करायचं काय? कुलूप लावून ठेवायची? शिवाय मला सोमवारची भीती. पट्टा अडला तर गाऊन अडणार, गाऊन अडले तर हॉस्पिटल अडणार, आणि त्या हॉस्पिटलात पहिल्याच नंबरावर आई. मी म्हटलं, कमी पडायला नको. (दादा, मी माझ्या आयुष्यात जे जे बिघडवलं आहे ते सगळं कमी पडू नये म्हणून बिघडवलं आहे. तुमच्या बहिणीला विचारा, आमच्या पाण्याच्या टाकीबद्दल.)

मी छप्पन्न लावली.

डेटाबेस चालूच होईना. लाल अक्षरांत तक्रार आली की एवढी शेअर्ड मेमरी एका दमात द्यायला मशीनच्या मूळ यंत्रणेची परवानगी नाही, मर्यादा ओलांडली आहे. आता शहाण्या माणसाला इथं थांबायची खूण पटली असती. मी मर्यादा शोधून काढली आणि तीच वाढवली. तुमच्या भाषेत सांगायचं तर बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी वाजवत होता आणि मी त्याच्यावर वीट ठेवली. (हे वाचून तुम्ही खुर्चीतून उठला असाल. बसा, पुढं आणखी आहे.)

मग मात्र तो झोकात चालू झाला. मी एक स्कॅनर जोडून एक उशीचा अभ्रा दाखवला. पापणी लवायच्या आत उत्तर. मी तोच अभ्रा कितीतरी वेळा दाखवला. मालकीणबाईंना बोलावलं, त्यांनाही दाखवला. त्या म्हणाल्या, "बरं." त्यांच्या तोंडून "बरं" निघणं ही साधी गोष्ट नाही, त्यांनी स्वतःच्या लग्नालाही तेवढंच म्हटलं होतं असं कारखान्यात बोलतात. मी घरी जाताना हलका होतो. रविवारी आईंना हॉस्पिटलात दाखल केलं, तेव्हा त्या एकदम गप्प होत्या, पण मला वाटलं उपाशी ठेवणार म्हणून असेल.

सोमवारी सकाळी सगळे स्कॅनर एकदम चालू झाले. तुमची बहीण आईंजवळ होती आणि मी पट्ट्याजवळ. पहिली काही मिनिटं असं वाटलं की कपडे वाहत नाहीयेत, उडताहेत. पट्ट्यावर देखरेख करणाऱ्या बाई, ज्यांना सगळे फौजदारबाई म्हणतात, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान डोलावली. आणि तेवढ्यात खोलीतल्या पडद्यावरचा हिरवा दिवा गेला. परत आला. परत गेला.

झालं होतं असं. सामायिक टेबल मी भिंतीपासून भिंतीपर्यंत लावून ठेवलं होतं. पण प्रत्येक कामकऱ्याला स्वतःचीही थोडी जागा लागते, उभं राहायला, घड्या घालायला. एक अभ्रा दाखवत होतो तोवर एकच कामकरी होता. सगळे स्कॅनर जोडले गेल्यावर सगळे कामकरी आत शिरले आणि प्रत्येकजण जागा मागायला लागला. वर मशीनच्या मूळ यंत्रणेलाही तिच्या कामाला जागा हवी. ती उरलीच नव्हती. अशा वेळी यंत्रणा काय करते माहीत आहे? जो सगळ्यात जास्त जागा अडवून बसला आहे त्याला सरळ उचलून बाहेर फेकते. आणि त्या मशीनवर सगळ्यात जास्त जागा अडवून कोण बसलं होतं? ज्याच्यासाठी मशीन घेतली होती तोच. तो उठून परत आत आला, परत जागा अडवून बसला, यंत्रणेनं परत काढला.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर पट्टा नुसता बंद पडला असता. पण पट्टा बनवणाऱ्यानं त्यात एक सोय केलेली आहे (सोय या शब्दाचीही आता मला धास्ती आहे): डेटाबेसकडून उत्तर आलं नाही तर पट्टा आधीचं उत्तर धरून चालतो. आधीचं उत्तर होतं, ऑपरेशन थिएटर. तेव्हा त्यानंतरची प्रत्येक वस्तू ऑपरेशन थिएटरच्या ट्रॉलीत जायला लागली. आणि नेमकी त्यानंतर आली ती हॉटेलची टेबलक्लॉथं. चादरी आल्या असत्या तर फौजदारबाईंनी ओळखल्या असत्या. पण हॉटेलनं यंदा रंग बदलला. हिरवा घेतला. गाऊनचाच हिरवा. पुढच्या यंत्रानं त्यांच्या सुरेख घड्या घातल्या, गठ्ठे बांधले, निर्जंतुक करायच्या भट्टीतून काढले आणि गाडी हॉस्पिटलकडे निघून गेली. मी तेव्हा खोलीत त्या दिव्याकडे बघत होतो आणि मनातल्या मनात आईंना सुखरूप ठेव म्हणत होतो. कुणाला म्हणत होतो ते आठवत नाही, बहुधा सर्व्हरलाच.

हॉस्पिटलातून फोन आला तो मीच उचलला. पलीकडे थिएटरच्या मोठ्या सिस्टर. आवाज अगदी शांत, म्हणजे वाईट. म्हणाल्या, "सर हात धुऊन उभे आहेत. गाऊन उलगडला. त्याला बाह्या नाहीत." मी विचारलं, "एकही नाही?" त्या म्हणाल्या, "तो चौकोनी आहे."

मी पट्ट्याचं लाल बटण दाबलं. फौजदारबाईंनी ट्रॉल्या उपसून आधीचे खरे गाऊन शोधून काढले, भट्टीत घातले, आणि ते निघाल्यावर मी गठ्ठा उराशी धरून गाडीत बसलो. ड्रायव्हर नेहमीच्याच गतीनं चालवत होता. मी त्याला काही बोललो नाही, फक्त माझ्या बाजूनं पाय दाबत होतो.

थिएटरच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये आई ट्रॉलीवर. त्यांच्या पायांवर पांघरायला घातलं होतं ते, दादा, हॉटेलचंच टेबलक्लॉथ. कडेला नाजूक वेलबुट्टी. शेजारच्या ट्रॉलीवर आणखी एक बाई, दोघींच्या गप्पा रंगलेल्या. मला बघून आई म्हणाल्या, "तुम्ही इथं कसे? आज तुमच्या त्या मशीनचा दिवस ना?" मी म्हटलं, "तुम्हाला भेटायला आलो, आई." त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात धरला. दुसऱ्या हातात गठ्ठा होता तो मी पाठीमागं लपवला, आणि पाठीमागूनच तो थिएटरच्या सिस्टरनं ओढून घेतला. असा मी त्या दिवशी एका बाजूनं जावई आणि दुसऱ्या बाजूनं गुन्हेगार होऊन उभा होतो.

आता गाऊन आले, आईंना आत न्यायला वॉर्डबॉय आला, तेवढ्यात आई सिस्टरना म्हणाल्या, "जरा घोटभर पाणी द्या हो. माझी सकाळची गोळी राहिलीय." सिस्टर म्हणाल्या, "कुठली गोळी?" आईंनी उशीखालच्या पिशवीतून पांढरी बारकी गोळी काढली. सिस्टरनी ती बघितली आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. रक्त पातळ ठेवायची गोळी. चार जणांनी चार वेळा विचारलं होतं, काही औषधं घेता का, आणि आईंनी चारही वेळा नाही म्हणून सांगितलं होतं, कारण "ही फार बारीक असते." कालचीही घेतली होती, परवाचीही. ऑपरेशन तिथंच थांबलं. डॉक्टर म्हणाले, गोळी बंद करून काही दिवस जाऊ द्या, मग बघू.

मग हाडांचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वेळेवर गाऊन आले असते तर मी एव्हाना काप घेतला असता, आणि रक्त थांबवता थांबवता आमच्या नाकी नऊ आले असते. कुणाच्या चुकीनं का होईना, उशीर झाला म्हणून वाचलो. त्या लाँड्रीवाल्याला खरं तर हार घातला पाहिजे." मी म्हटलं, "हो." तुमची बहीण शेजारी उभी होती, ती म्हणाली, "हार काय घालताय, त्याला कामावरून काढलं पाहिजे." मी म्हटलं, "तेही खरं." दादा, ज्या माणसाला हार आणि नारळ एकाच वेळी मिळायचा असतो त्यानं मान पुढं करायची की हात, ते तुम्हाला नाही कळणार.

परत गेल्यावर सर्व्हरवाल्यांना फोन केला. त्यांनी विचारलं, "शेअर्ड मेमरी किती दिली होती?" मी म्हटलं, "दिली होती थोडी." "किती?" "छप्पन्न." मग अगदी हळू आवाजात, "चौसष्टपैकी?" त्यांच्या देखरेखीखाली मी सोळा लावली, मर्यादाही पहिल्यासारखी केली, आणि सगळे स्कॅनर परत जोडले. पट्टा दिवसभर सुरळीत. तेव्हापासून सुरळीतच. आपल्याला मोकळी दिसणारी जागा यंत्रणा रिकामी ठेवत नाही म्हणे. गोदामातून आणलेलं पुन्हा लागेल म्हणून तिथंच मांडून ठेवते, त्यामुळे ती अठ्ठेचाळीसही कामाचीच. हे मला कुणी शनिवारी सांगितलं असतं तर मी मान हलवली असती आणि छप्पन्नच लावली असती.

मालकीणबाईंनी मला बोलावलं. मी राजीनाम्याची वाक्यं मनात जुळवून गेलो होतो. त्या म्हणाल्या, "मशीन डेटाबेससाठी घेतली. तुम्ही ती डेटाबेसला दिली. मग बिघडलं कुठं?" मी त्यांना टेबलाचं सगळं सांगितलं. त्यांनी काचेतून हॉलमधल्या टेबलाकडे, त्याच्या भोवती हिंडणाऱ्या बायकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भिंतीपर्यंत टेबल कोण लावतं हो?" झालं, एवढंच. मग हॉटेलला फोन करून त्यांनी टेबलक्लॉथचा रंग बदलायला सांगितलं आणि पट्टा बनवणाऱ्याला फोन करून ती सोय बंद करायला. मला कामावर ठेवलं. मी आनंदात असायला हवा. पण दिवसातून कितीतरी वेळा उठून त्या खोलीत जातो, मेमरी किती मोकळी आहे ते बघतो, सर्व्हरच्या पाठीवर हात ठेवून ताप बघतो आणि परत येतो. फौजदारबाई मला हल्ली "बाळंतिणीजवळ जाऊन आलात का" असं विचारतात.

तर ऑपरेशन पुढं गेलं ते असं. आईंना सध्या घरी आणलं आहे, गोळी बंद आहे, काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
मेहुणा

ता. क. तुमच्या बहिणीला "मशीन बिघडलं" एवढंच माहीत आहे. कुणी बिघडवलं ते तिनं विचारलेलं नाही. छप्पन्न हा आकडा तिच्यासमोर कुठल्याही संदर्भात उच्चारू नये, ही विनंती. वयाच्यासुद्धा.

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. नवी तारीख परत सोमवारच निघते आहे. सोमवारी आमचे सगळे स्कॅनर एकदम चालू होतात. आता काही होणार नाही, सोळाच आहेत, मला माहीत आहे. तरी तुम्ही डॉक्टरांना फोन करून, मुलगा म्हणून, मंगळवार मागून घ्याल का? मी मागितला तर कारण विचारतील.

ता. क. बाळ, हे मी लिहितेय, आई. पाकीट चिकटत नाही म्हणून जावई डिंक शोधायला गेलेत, आणि त्यांना वस्तू लवकर सापडत नाहीत, म्हणून सगळं वाचून झालं. गठ्ठ्यावर कारखान्याचं नाव केवढं मोठं असतं, मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या बहिणीलाही कळलंय. त्यांना बोलू नकोस, तेही माझ्यासारखेच भित्रे आहेत. गोळीचं तेवढं वेगळं आहे. ती औषधात धरतात हे मला खरंच ठाऊक नव्हतं. पण पॅसेजमध्ये पडल्या पडल्या शेजारची बाई म्हणाली की तिला मागच्या खेपेला अशाच गोळीपायी घरी पाठवलं होतं. तेव्हा मी गप्प राहिले. मग गाऊन आले, आणि तो मुलगा ट्रॉली ढकलायला लागला, तेव्हा मी पाणी मागितलं. डॉक्टर म्हणतात मी वाचले. मी तर पळाले होते. आता पळायला दुसरं काही उरलेलं नाही. मंगळवार मागू नकोस, सोमवार असू दे. तू ये. आत नेताना दाराशी तू उभा असलास की मी जाईन.